टाक्याखालची माणसं

संजयला सोमवार ते शनिवार गाठायचं असेल तर मार्केट यार्डात जावं. धान्याच्या ओळीत एका अडत्याच्या गाळ्यावर तो वजनकाट्यापाशी उभा असतो, आणि तिथे त्याचा आवाज कोणी फारसा ऐकलेला नाही. तिथे बोलायचं काम शेठचं. रविवारी मात्र हाच माणूस वाघदऱ्याच्या डोंगरावर अनोळखी लोकांना कातळावर बसवतो आणि असा काही बोलायला लागतो की हळूहळू सगळ्यांचे मोबाइल खिशात जातात. पुण्यातल्या माणसाचा मोबाइल खिशात घालणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

वाघदरे हे संजयचं मूळ गाव. गाव म्हणायचं आपलं. पायथ्यापर्यंत सोसायट्या येऊन ठेपल्या आहेत आणि ज्या टेकड्या फोडून त्या उभ्या राहिल्या त्याच टेकड्यांची नावं त्यांनी कमानींवर इंग्रजीत लावली आहेत. मोठा डोंगर तेवढा कोणाला फोडता आला नाही, म्हणून शिल्लक आहे. काळा, उघडा, झाड औषधाला नाही. अर्ध्या वाटेवर जाखूबाईचं ठाणं. त्याच्या पुढे खडकात पडलेले गोल खोल खड्डे, त्यांना राक्षसाचे रांजण म्हणतात. मग अवसेला वेताळाची पालखी जाते ती धार, आणि माथ्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं.

या डोंगराची सहल नम्रताताईंनी सुरू केली. कंपनीतली नोकरी सोडून त्या लोकांना डोंगर दाखवण्याच्या धंद्यात पडल्या होत्या. कामाला चोख, जिभेला धार. संजयला वाटाड्या म्हणून घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "हे बघा संजय, दगड बघायला लोक येत नाहीत. दगड त्यांच्या पार्किंगमध्येही पडलेले असतात. गोष्ट सांगा."

गोष्ट संजयकडे होती. पण ती सांगायला घरून परवानगी लागणार होती, आणि घरात त्याची आई होती, सुंदराबाई. बायको विजयमाला करोनात गेली, तेव्हापासून पर्वतीच्या पायथ्याच्या त्या दोन खोल्यांत सुंदराबाईंचाच शब्द चालायचा. छप्पन साली या घराने बुद्धाचा धर्म घेतला. संजयच्या आजोबांनी जाखूबाईचा, वेताळाचा, सगळ्यांचा निरोप घेतला तो कायमचाच. त्यांचाच नातू आता रविवार-रविवार डोंगरावर जाऊन परक्यांना वेताळाची पालखी सांगणार, हे सुंदराबाईंना रुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "द्येवाभुताचं काय सांगायचं त्ये सांग. लोकांना हसायला बरं असतंय. पर टाक्याचं खोटं सांगायचं न्हाई. ती आपली माणसं हायत."

टाक्याची गोष्ट अशी. कोणा जुन्या सरदाराने माथ्यावर टाकं खोदायला घेतलं. पाथरवटांनी पार तळ गाठला, तरी पाणी लागेना. देवऋषीने कौल लावला, जोडा मागतंय म्हणाला. जोडा म्हणजे नवरा-बायको, नवी लग्नाची. असल्या कामाला माणूस कुठून आणतात हे काय सांगायला हवं? महारवाड्यातलं एक जोडपं धरलं. अंगावरची हळद निघाली नव्हती. तळाशी बसवलं, वरून चिरे लोटले. गावात सांगतात की ती दोघं हसत गेली, गावाला पाणी मिळू दे म्हणाली. संजयच्या घरात सांगतात की पोरगी ओरडत होती, आणि तिचं ओरडणं थांबलं तेव्हा पाणी लागलं. तिचं नाव सोनाई. गावातल्या गोष्टीत तिला नावसुद्धा नाही.

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे, तिला गंमत म्हणायचं असेल तर. त्या जोडप्याच्या घराण्याला सरदाराने मान दिला. काय, तर दरवर्षी जत्रेला टाक्याच्या काठावर नैवेद्य ठेवायचा आणि मागे न बघता उतरायचं. पाण्याला मात्र हात लावायचा नाही. बाटेल. टाक्यापासून हाकेच्या अंतरावर एक उभा धोंडा आहे. तिथे थांबायचं आणि कोणी वरच्या आळीतला दयाळू भेटला तर त्याने घागरीत वरून ओतायचं. बहात्तरच्या दुष्काळात, म्हणजे धर्म बदलून इतकी वर्षं झाल्यावरही, नवी सून सुंदराबाई त्या धोंड्यापाशी उन्हात बसलेली आहे. सोनाईची गोष्ट तिला सासूने तिथेच बसून सांगितली. दुसरं करणार काय होत्या दोघी?

संजय टाक्याच्या काठावर उभं राहून हे सगळं सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "ही जी खाली आहेत ना, ती माझी माणसं. मी त्यांच्यातला." मग वाकून ओंजळभर पाणी प्यायचा. लोक गप्प व्हायचे. कोणी हात जोडायचं. कोणी नकळत एक पाऊल मागे घ्यायचं, तेही त्याला दिसायचं. पण ते एक वाक्य बोलताना संजयची मान जेवढी ताठ असे तेवढी आठवड्यात दुसरीकडे कुठेही नसे. आठवडाभर तो दुसऱ्यांचा माल तोलत होता. हे एवढं एकच त्याच्या स्वतःच्या मालकीचं होतं.

त्याची मुलगी आम्रपाली हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. रोजची गर्दी नको म्हणून तिकडेच मुलींच्या हॉस्टेलवर राहायची, शनिवार-रविवार घरी. आधीच्या कंपनीत जेवणाच्या टेबलावर कोणीतरी तिच्या नावावरून हसत हसत चौकशी केली होती आणि दुसऱ्या दिवसापासून आरक्षणाच्या कोट्याचे विनोद सुरू झाले. विनोदच ते, कोणाला बोलायची सोय नव्हती. तिने डबा एकटीने खायला सुरुवात केली, मग नोकरी सोडली. नव्या कंपनीत नाव विचारलं तेव्हा ती 'ॲमी' म्हणाली. बापाला आणि आजीला हे तिनेच सांगितलं होतं, हसून. बापही हसला होता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि त्याला फार वाईट वाटलं. आम्रपाली हे नाव विजयमालाने ठेवलं होतं.

तर ही आम्रपाली एका शुक्रवारीच घरी आली. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, रविवारी आमची टीम येतेय तुमच्या डोंगरावर."

"आमच्या म्हणजे?"

"तुमच्याच. समर्थने, आमच्या टीम लीडने, तुमचा व्हिडिओ पाहिला कुठेतरी. वेताळाच्या गोष्टीचा. लगेच बुक करून टाकलं. मला नंतर कळलं."

संजयने तिचा रिकामा कप उचलला.

"तुम्ही मला ओळखू नका," ती घाईघाईने म्हणाली. "म्हणजे आत्ता नको. प्लीज."

"बरं."

'आत्ता नको' हे शब्द त्याने ऐकले, पण धरले नाहीत. त्याला 'ओळखू नका' एवढंच लागलं होतं, आणि लागलेल्या जागीच माणसाचं लक्ष राहतं. पलीकडे सुंदराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना कानाने कमी यायचं. नात आपल्या ऑफिसातल्या लोकांना घेऊन टाक्यावर चालली आहे, एवढं त्यांना कळलं आणि तेवढ्यावरच त्यांचा चेहरा उजळला. "सायबास्नी घिऊन चाललीस व्हय? जा, जा. दाव त्यास्नी."

संजयने बाहेर जाऊन नम्रताताईंना फोन लावला. रविवारी दुसरं कोणी पाठवता येईल का, असं विचारलं.

"त्यांनी तुमच्या गोष्टीसाठी पैसे भरलेत. मी काय आता जाखूबाईला पाठवू?" असं म्हणून ताईंनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी पायथ्याला नम्रताताई यादी घेऊन उभ्या होत्या; नेहमीप्रमाणे त्या सगळ्यांच्या मागून डोंगर चढणार होत्या. कंपनीची बस उभी राहिली आणि एकसारख्या टी-शर्टातली मुलं-मुली खाली उतरली. आम्रपाली शेवटी उतरली. "ॲमी, कॅप विसरलीस? घे माझी," म्हणून संस्कृती नावाच्या मुलीने आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. दोघी हसल्या. बरी मुलगी दिसत होती. संजयने सगळ्यांना नमस्कार केला, तिलाही त्यातच. तिनेही सगळ्यांबरोबर हात जोडले.

वाईट कोणीच नव्हतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. समर्थ तर अतिशय सभ्य. 'सर' म्हणत होता, मागे पडणाऱ्यांची सॅक घेत होता, आणि विनोद करायची त्याला हौस होती. वेताळाच्या धारेवर त्याने विचारलं, "सर, वेताळ रोज पालखी काढतो की आठवड्यातून दोनदाच ऑफिसला येतो?" सगळे खो खो हसले. संजयही हसला. "अवसेला फक्त. बाकी घरून काम," तो म्हणाला, आणि त्याला टाळ्या मिळाल्या. गर्दीत आम्रपालीसुद्धा हसत होती. आपला बाप लोकांना असा हसवू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याला क्षणभर वाटलं, निभेल.

माथ्याच्या खाली कातळाचा एक उभा टप्पा आहे. तिथे वाटाड्याने वर उभं राहून एकेकाला हात द्यायचा असतो. त्याने समर्थला घेतलं, संस्कृतीला घेतलं, मग आम्रपालीचा हात आला. घामेजलेला, गार. तो हात त्याने बालवाडीच्या फाटकापासून ओळखलेला. वर येऊन ती कपडे झटकत म्हणाली, "थँक यू, सर."

"सावकाश, मॅडम," तो म्हणाला. दोघांनीही नाटक उत्तम केलं. ते इतकं उत्तम झालं याचंच त्याला भय वाटलं.

टाक्यापाशी पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. दोघं-तिघं जण त्या उभ्या धोंड्यावर चढून फोटो काढू लागले. एरवी संजय त्यांना गोड बोलून खाली उतरवतो आणि म्हणतो, थांबा, हा दगड कशाचा ते शेवटी सांगतो. आज तो काही बोलला नाही. सगळ्यांना काठावर बसवलं आणि गोष्टीला सुरुवात केली. पाथरवट सांगितले, कोरडा तळ सांगितला, देवऋषी सांगितला. जोडपं कुठलं, यावर तो जरासा अडखळला आणि म्हणाला, "गावाबाहेर राहणारं, गरीब." इतकी वर्षं तो वस्तीचं नाव घेऊन सांगत आला होता. सोनाईचं नाव मात्र त्याच्या तोंडून गेलंच. तिचं ओरडणंही गेलं. मग पाणी लागलं.

सगळे गप्प झाले. संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी होतं. समर्थने हळू आवाजात विचारलं, "आणि त्यांच्या घरचे? पुढची पिढी वगैरे? आहेत का कोणी अजून?"

आता ते वाक्य यायचं होतं. संजयने आम्रपालीकडे पाहिलं. ती सगळ्यांच्या मागे उभी होती. सॅकचे पट्टे तिने दोन्ही हातांनी गच्च धरले होते, चेहरा लाल झाला होता आणि ओठ हलत होते. ती एक पाऊल पुढे आली. संजयला वाटलं, घाबरली. आपल्या पोरीला घाम फुटलाय. आता मी 'माझी माणसं' म्हणालो आणि यातल्या एखाद्याने माझ्या तोंडावरून, तिच्या तोंडावरून काही ताडलं, तर उद्या पुन्हा ते जेवणाचं टेबल, पुन्हा तो एकटीचा डबा. त्याला दुसरं काही दिसलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "कोणी राहिलं नाही. वंश बुडाला त्यांचा."

"अरेरे," समर्थ म्हणाला. मग शांतता फार झाली असं त्याला वाटलं असावं, म्हणून म्हणाला, "म्हणजे जाब विचारायला यायचं कोणी शिल्लक ठेवलं नाही. परफेक्ट प्लॅनिंग." एक-दोघं हसले, सुटल्यासारखे. खाऊचे डबे उघडले.

आम्रपाली होती तिथेच उभी होती. दिवसभरात तिने पहिल्यांदा बापाकडे सरळ पाहिलं. मग वळली आणि त्या धोंड्यापाशी जाऊन पाठ करून बसली. कोणीतरी तिला चिक्की नेऊन दिली. ती तिने हातातच धरून ठेवली.

त्या दिवशी संजय पाणी प्यायला नाही. कोणत्या तोंडाने पिणार?

खाली उतरल्यावर नम्रताताईंनी त्याला बाजूला घेतलं. "आज शेवट बदललात वाटतं. बरं केलंत. नेहमीचा फार जड होतो हो, लोक गाडीत बसल्यावर एकमेकांशी बोलत नाहीत. हाच ठेवा." त्या मनापासून सांगत होत्या. संजय 'हो ताई' म्हणाला.

कंपनीची बस निघून गेली. तो पीएमटीच्या थांब्यावर आला तर बाकावर आम्रपाली बसलेली. नातेवाइकांकडे जायचंय म्हणून पुढच्याच चौकात बस थांबवून ती उतरली होती. तो तिच्या शेजारी बसला. एक बस आली, ती दोघांनीही जाऊ दिली.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही दर वेळी म्हणता ना, माझी माणसं म्हणून. आजीने सांगितलंय मला. तुम्ही तसं म्हणालात की मी पुढे येऊन म्हणणार होते, हे माझे पप्पा. काल दिवसभर पाठ करत होते. एवढंसं वाक्य पाठ करायला लागतं, पप्पा."

"मला वाटलं, तू..."

"मला माहितीये तुम्हाला काय वाटलं. मी 'आत्ता नको' म्हटलं होतं. नंतर मीच बोलणार होते. पण जमेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

संजय बाकावर तिच्याकडे वळला. "अजून काय बिघडलंय? उद्या सांग की ऑफिसात. चांगली पोरं आहेत."

"काय सांगू?" तिचा आवाज चढला. थांब्यावरच्या एका म्हातारबाबांनी मान वळवली. "तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत ना, कोणी राहिलं नाही म्हणून? आता मी सांगितलं तर त्याचा अर्थ काय होतो? गाईड माझा बाप आहे आणि त्याला आपल्याच माणसांची लाज वाटते. ते लोक तुमच्यावर हसणार नाहीत, पप्पा. कीव करतील. ते नाही मला चालायचं."

ती रडली नाही. रडली असती तर त्याने निदान पाठीवर हात तरी ठेवला असता. तिला वाचवायला म्हणून आपण जे बोललो त्यानेच तिचं तोंड बंद केलं, आणि आता ते आपल्यालाही उघडून देता येणार नाही, हे त्याला तिथे, त्या तापलेल्या बाकावर, नीट कळलं. ज्या दोघांना कोणीतरी चिरे लोटून गाडलं होतं त्यांच्यावर आणखी एक चिरा आज त्याने लोटला होता, आणि तोही आपल्या पोरीच्या देखत.

घरी पोचले तेव्हा दुपार टळत आली होती. सुंदराबाई दारातच बसल्या होत्या. नात टाक्यावर जाऊन येणार म्हणून त्यांनी बोंबलाचं कालवण केलं होतं, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. दोघं हात-पाय धुऊन ताटावर बसली. म्हातारीने पहिला घाससुद्धा घेऊ दिला नाही.

"बगितलंस टाकं?"

"बघितलं आजी."

"आन् धोंडा?"

"तिथेच बसले होते."

सुंदराबाईंनी मान हलवली. ती हलवता हलवता त्यांचे डोळे भरले. "मी बी तितंच बसायची. बरं, ह्यानं सांगितलं का समद्यांम्होरं? आपली माणसं हायत म्हून?"

संजयने भाकरीचा तुकडा मोडला होता, तो ताटातच राहिला. आईशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. बोलायची हिंमतच नव्हती. तो तोंड उघडणार तेवढ्यात आम्रपाली म्हणाली, जरा मोठ्याने, म्हातारीला ऐकू जावं म्हणून, "सांगितलं की. सगळ्यांसमोर सांगितलं."

"तू व्हतीस न्हवं तवा? मग तुजंबी कळलं आसंल त्यास्नी."

"कळलं."

"काय म्हनली?"

"काही नाही आजी. गप्प झाली सगळी. एक मुलगी रडली."

"रडली?" सुंदराबाईंनी पदराने डोळे पुसले. संजयने आईला इतकं समाधानी कधी पाहिलं नव्हतं, विजयमाला घरात आली तेव्हाही नाही. त्याला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठला असता तर तिला कळलं असतं. आम्रपाली मान खाली घालून कालवणात भाकरी कुस्करत होती.

"चांगली पोरं दिसत्यात," म्हातारी म्हणाली. तिने दोघांच्या ताटात आणखी एकेक भाकरी टाकली. "आता काय झाकायचं ऱ्हायलंय? पुढल्या ऐतवारी समद्यास्नी घरी जेवाया बोलाव, आमू. मी करते सैपाक. त्या रडल्याल्या पोरीला तर आनच. सोनाईचं ऱ्हायल्यालं मी सांगते तिला, माज्या तोंडानं."

आम्रपालीने बापाकडे पाहिलं. बाप ताटात बघत होता.

"बोलावते," ती म्हणाली.